पल्लवीला सांगायचं होतं

देवरावजींची परात

इतवारी बाजारात, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत सव्वीस वर्षं मी भांड्यांवर नावं टाकली. एका दुकानाच्या पायरीवर माझी बसायची जागा होती. पुढ्यात लाकडी पेटी, मांडीवर दुमडलेलं पोतं, हातात मशीन. मशीन म्हणजे जाड पेनासारखी वस्तू, टोकाला सुई, बटण दाबलं की घर्र करत स्टीलवर चालते. गिऱ्हाईक आत भांडी घेतं, बाहेर येऊन मला चिठ्ठी देतं, चिठ्ठीत जे असेल ते मी भांड्यावर उतरवतो. एवढंच काम. पण या कामात खोडरबर नसतं. लिहिलं ते भांडं मोडीत जाईपर्यंत राहतं.

आम्ही कोष्टी. आजानं माग चालवला, बापानं चालवला, माझ्या वेळेपर्यंत घरात मागाची जागा उरली होती, माग नव्हता. अक्षर मात्र मला देवानं दिलं होतं. पितळी गुंडाच्या, म्हणजे घागरीच्या, गोलाईवरसुद्धा माझी ओळ सरळ जायची. ही फुशारकी आहे, मला माहीत आहे. करू द्या थोडी.

त्या दिवशी सकाळी एका तेरवीची ताटं केली. आमच्याकडे तेरवीला नातेवाइकांना भांडं वाटतात, त्यावर गेलेल्या माणसाचं नाव असतं. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.' एकच मजकूर, चाळीसच्या वर ताटं. दुपारी सावनेरकडचं एक कुटुंब आलं. मुलीचं लग्न होतं, आंदणाची भांडी घ्यायची होती. परात, गंज, गुंड, डबे, सगळं एकदम. मुलीच्या बापाचं नाव देवरावजी. चिठ्ठीत स्वच्छ लिहिलं होतं, 'चि. सौ. कां. सोनाली हिस, बाबांकडून सप्रेम भेट, देवरावजी.' चिठ्ठी माझ्यापाशी ठेवून मंडळी लुगडी घ्यायला गेली.

संध्याकाळी परत आली तेव्हा देवरावजींनी स्वतः परात उचलली, चष्मा वर केला आणि वाचलं. 'कै. देवरावजी यांच्या स्मरणार्थ.'

"काय गा," ते म्हणाले, "मी कवा मेलो?"

ते हसलेसुद्धा. मग त्यांच्या बायकोनं दुसरं भांडं उचललं, तिसरं उचललं. सगळ्यांवर तेच. "माय वं!" म्हणून ती बाई पायरीवरच बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. जिचं लग्न होतं त्या मुलीनं बापाचा हात धरला तो सोडेना. लोक जमले. कोणीतरी म्हणालं, याची बोटं तोडली पाहिजेत.

मी चिठ्ठीकडे पाहत होतो. ती माझ्यासमोरच होती. मी ती वाचलीही होती. हात सकाळच्याच ओळीवर चालत राहिला आणि डोक्यानं त्याला एकदाही थांब म्हटलं नाही.

शेठनं भांडी बदलून दिली, त्या मंडळींना हात जोडले, चहा पाजून पाठवलं. मग मला आत बोलावलं. "मनोहर, सच बता. पिऊन आला काय?"

त्याआधीच्या काही महिन्यांत माझं बरंच काही बिघडलं होतं. नावातलं मधलंच अक्षर गाळायचो. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा चहा सांगायचो. एकदा घरी जाताना आपलीच गल्ली चुकलो आणि दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवली. शेठ हे सगळं पाहून राहिले होते, आता त्यांना कारण पाहिजे होतं.

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. पण दारुड्याला शेठ लोक दोन शिव्या घालून पुन्हा बसवून घेतात. मला जे होतं ते कळलं असतं तर मी बसायचो ती पायरीसुद्धा त्यांनी धुऊन काढली असती. मी मान खाली घातली.

"हाव शेठ," म्हटलं, "थोडीशी झाली."

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. पल्लवी, माझी एकुलती पोरगी, बालवाडीत शिकवते, तेवीस वर्षांची. ती दारातच उभी होती. "बाबा, तोंड उघडा," म्हणाली. मी उघडलं. वास येईना तर तिला वाटलं, यांनी बडीशेप खाल्ली. मला तिच्या गेलेल्या आईची शपथ घालून तिनं दारू सोडायला लावली. मी सोडली. जी कधी धरलीच नव्हती ती मी हात जोडून सोडली, आणि ती रडली, आणि मलाही रडू आलं, कारण वेगळं.

बीपीची गोळी

मला एचआयव्ही आहे. कळून तेरा वर्षं झाली. कुठून आला ते मला माहीत आहे. नावांचं काम मंदावलं की शेठचा भांड्यांचा माल घेऊन ट्रकसोबत रायपूर-बिलासपूर करायचो, त्या दिवसांतला तो. लग्न झालेलं होतं, पोरगी झालेली होती. यावर सफाई द्यायला माझ्याजवळ काही नाही.

माझ्याकडून तो सुनंदाला गेला, माझ्या बायकोला. दोघांना एकाच आठवड्यात कळलं. पल्लवी तेव्हा दहा वर्षांची होती. शाळेची तपासणी आहे असं खोटं सांगून तिचं रक्त तपासायला दिलं, आणि ती सुटली. रिपोर्ट हातात घेऊन आम्ही नवरा-बायको दवाखान्याच्या फाटकाजवळ उभे राहून रडलो. तेरा वर्षांतला आनंदाचा दिवस कोणता विचाराल तर तोच.

सुनंदाला आठ वर्षांपूर्वी टीबी झाला आणि ती गेली. लोकांना आम्ही टीबीच सांगितला. जायच्या काही दिवस आधी ती मला म्हणाली, "पोट्टीले सांगू नका जी. मी गेल्यावर माझी बदनामी नको." बदनामी तिची कशी झाली असती? केलं मी होतं. पण मला तिचं म्हणणं सोयीचं पडलं. सुनंदाचा शब्द पाळतो असं स्वतःला सांगत मी आठ वर्षं माझीच कातडी वाचवली.

गोळी रोज एक. ती मी बीपीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून ठेवायचो आणि डबी दुकानाच्या पेटीत, मशीनच्या खाली. घरी ठेवली असती तर पल्लवीनं उचलून पाहिली असती, तिला प्रत्येक गोष्टीचं लेबल वाचायची सवय. बरीच वर्षं हे बरोबर चाललं. मग गोळी हुकायला लागली. कधीपासून ते सांगता येणार नाही, कारण हुकली हेच लक्षात येत नव्हतं. पेटी उघडायची, डबी दिसायची, 'घेतली ना आपण' असं वाटायचं, पेटी बंद.

एचआयव्हीच्या सरकारी सेंटरवर गोळ्या घ्यायला गेलं की उरलेल्या गोळ्या पाहतात. तिथल्या कौन्सेलर मॅडम मला मनोहरभाऊ म्हणतात. नवीन पेशंट घाबरलेला असला की त्याला माझ्याजवळ आणून बसवायच्या, "यांना पाहा, किती वर्षं झाली, एक गोळी चुकत नाही." त्या बाईसमोर अर्धी भरलेली डबी काय तोंडानं ठेवायची? जायच्या आदल्या दिवशी मी उरलेल्या गोळ्या नाल्यात टाकून द्यायचो आणि सेंटरची रिकामी डबी घेऊन रुबाबात जायचो. शाबासकी घेऊन परत यायचो.

हे वाचणारं कोणी असं करत असेल तर त्याला हात जोडून सांगतो, नको करू बापा. लाजेपायी मी औषध नाल्याला पाजलं, अन् स्वतः उपाशी राहिलो.

चार शब्द

मॅडमना संशय आला तो माझ्या सहीवरून. माझी सही पाहून त्या नेहमी म्हणायच्या, तुमच्या सहीची फ्रेम करावी. त्या दिवशी मी सही केली आणि ती रकान्याच्या बाहेर घसरत गेली. शिवाय मी चुकीच्या दिवशी आलो होतो, लागोपाठ दुसऱ्यांदा. त्यांनी माझा हात धरला आणि मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरबाई पल्लवीहून थोड्याच मोठ्या. म्हणाल्या, "काका, मी चार शब्द सांगते. लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारते. बैल, चप्पल, वांगं, हिरवा." मी म्हणून दाखवले. सोपं होतं. मग म्हणाल्या, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर भराभर आपटा. मी आपटायला लागलो. माझ्या मनानं मी भराभर आपटत होतो. बोटं मात्र गाळात फसल्यासारखी उठत होती. सव्वीस वर्षं ज्या बोटांनी पोट भरलं त्यांच्याकडे मी पाहत राहिलो. मग मूठ, पंजा, हाताची कड, असं टेबलावर ओळीनं ठेवायचं होतं. माझी मूठ व्हायची, पंजा व्हायचा, आणि पुन्हा मूठच व्हायची.

"आता ते चार शब्द सांगा, काका."

मी विचार केला. खूप वेळ केला. "वांगं," म्हटलं.

"अजून?"

"भाजी."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी समजावलं. हा विषाणू रक्तात राहतो तसा डोक्यातही जाऊन बसतो. गोळ्या चालू असल्या की दबून राहतो, नसल्या की तिथेही नासधूस करतो. माणसाचं लक्ष लागत नाही, हात मंदावतो, कालचं आठवत नाही, परवाचं आठवतं. "तुमचा रक्ताचा रिपोर्ट सांगतो की गोळ्या पोटात जात नाहीयेत," त्या म्हणाल्या. मी आधी साफ नाही म्हटलं. आवाजही चढवला. मग मॅडमकडे पाहिलं आणि नाल्याचं सगळं बोलून टाकलं. मॅडम खूप वेळ फाईलचं पान नखानं सरळ करत बसल्या.

"म्हणजे मी पागल होऊन राहिलो काय?" मी विचारलं.

"नाही काका. आजार आहे, त्याला इलाज आहे. सगळं परत येईल असं सांगत नाही. पण इथे थांबवता येईल, थोडं परतही येईल. फक्त रोज गोळी हातात देणारं एक माणूस लागेल. तुमच्या भरवशावर नाही ठेवता येणार. घरी कोण आहे?"

"पोरगी."

"तिला माहीत आहे?"

गोळी आठवायला डोकं पाहिजे आणि डोकं ठिकाणावर राहायला गोळी पाहिजे. या दोन्हींच्या मधे आता पल्लवी उभी होती. तिला सांगायचं म्हणजे नुसतं 'मला अमुक आजार आहे' एवढ्यावर भागणार नव्हतं. तुझी आई माझ्यामुळे गेली, हे सांगायचं होतं. या जगात मला आपलं म्हणणारी ती एकटी. तिनं पाठ फिरवली तर मग डोकं वाचवून तरी काय करायचं होतं?

मॅडमनी ऑटोत बसवून दिलं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. आज सांगायचंच, असं ठरवलं. घरी आलो, दारात चप्पल काढली. इथपर्यंतच आठवतं. माझी समजूत अशी की ऐनवेळी हिंमत झाली नाही आणि मी जेवून पडून राहिलो. पुढचे दोन-तीन दिवस पल्लवी माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि आतल्या खोलीत निघून जायची. मी समजलो, दारूचा राग अजून आहे.

पुरुषांचा वॉर्ड

त्यानंतर ताप आला आणि मी वॉर्डात गेलो. वीसेक दिवस होतो. यातलं निम्मं मला दुसऱ्यांनी सांगितलेलं आहे. माझ्याजवळ तुकडे आहेत. पाठीच्या कण्यातून पाणी काढताना गुडघे पोटाशी घेऊन पडलेलो, आणि कोणीतरी माझं डोकं धरून ठेवलेलं. सकाळची चहाची गाडी. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबुवा दर तासाला विचारायचे, "तुमाले काय झालं जी?" मी म्हणायचो, "डोक्यात ताप गेला." ते म्हणायचे, "माह्या पायात गेला."

पल्लवी शाळेतून रजा घेऊन माझ्यापाशी राहिली. पुरुषांच्या वॉर्डात तरणीताठी पोरगी, सगळे पाहायचे. ती कोणाकडे पाहायची नाही. मी अंथरूण ओलं करायचो, ते ती बदलायची. हे लिहिताना आताही कान तापतात. मी तिला सुनंदा म्हणायचो, शिव्याही द्यायचो म्हणे. एकदा तिनं भरवायला आणलेला वरणभात मी हातानं उडवला, तो तिच्या ओढणीवर सांडला. ती बालवाडीच्या पोरांशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "बरं, नको तर नको," आणि ओढणी धुवायला गेली.

गोळ्या सिस्टर हातात देऊन, पाणी पाजून, तोंड उघडायला लावून बघायच्या. तिथे चुकायची सोय नव्हती. हळूहळू डोक्यातलं धुकं थोडं खाली बसलं. एक दिवस मी आपणहून म्हटलं, "आज सोमवार ना?" तर पल्लवी उठून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळानं डोळे धुऊन आली. सोमवारच होता.

घरी आल्यावर तिनं नियम लावला. सकाळी आठ वाजता ती माझ्यासमोर पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन उभी राहायची. "बाबा, बीपीची गोळी." मी घ्यायचो. मनात म्हणायचो, वा रे मनोहर, डोकं गेलं तरी तुझी चलाखी गेली नाही. पोरीच्या हातून औषध घेतो अन् पोरीला पत्ता नाही. मला खरंच तसं वाटत होतं. दवाखान्यातून बीपीची म्हणून दिली असेल, मॅडमनी सांभाळून घेतलं असेल, असं काहीतरी मी जुळवून टाकलं होतं.

आज पाहतो तर तेव्हाचा माझा भोळेपणा पाहून मलाच माझी कीव येते.

रविवार

सेंटरवर पुढच्या गोळ्या आणायचा दिवस जवळ आला. आता मी एकटा जाऊ शकत नव्हतो, चौक ओलांडतानाही कोणीतरी सोबत लागायचं. म्हणजे पल्लवीला न्यावंच लागणार, दारावरची पाटी ती वाचणार. आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

दोन दिवस बसून मी कागदावर लिहून काढलं. अक्षर पूर्वीसारखं नव्हतं, पण वाचता येत होतं. रविवारी सकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर पाटावर बसलो. "पल्लवी, तुले काही सांगायचं आहे. मधात बोलू नको, मी विसरून जाईन." आणि वाचायला लागलो. आजाराचं वाचलं. ट्रकच्या दिवसांचं वाचलं. सुनंदाचं वाचताना कागद इतका थरथरायला लागला की तो मला जमिनीवर ठेवून वाचावा लागला. शेवटी लिहिलं होतं, 'तुला जे बोलायचं ते बोल. घर सोडून जायचं तर जा. मी अडवणार नाही.'

वाचून झालं. मी मान वर केली नाही. आता काहीतरी फुटेल, ताट आदळेल, दार आदळेल, याची वाट पाहत बसलो.

"बरं," ती म्हणाली. मेथीची काडी मोडली, पानं ताटात टाकली. "चहा ठेवू, बाबा?"

मी तिच्याकडे पाहत राहिलो. तेरा वर्षं ज्याच्यासाठी मी रोज थोडा थोडा मेलो, ते हिनं मेथीसोबत निवडून बाजूला ठेवलं! खरं सांगतो, आधी मला राग आला. मग वाटलं, किती मोठ्या मनाची पोरगी दिली देवानं. चहा पिता पिता मी हुंदके देऊन रडलो. ती शेजारी बसून माझी पाठ चोळत होती आणि खिडकीबाहेर पाहत होती.

सही

दुसऱ्या दिवशी सेंटरवर गेलो. खूप दिवसांनी छाती हलकी वाटत होती. मॅडम समोर दिसल्याबरोबर मी सांगून टाकलं, "मॅडम, काल पोरीले सगळं सांगून दिलं!"

मॅडमनी पेन खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग पल्लवीकडे. पल्लवी मान हलवत होती, नाही नाही अशी, हळूच. पण मॅडमनी माझं कार्ड आधीच उघडलं होतं आणि ते माझ्यासमोर होतं. पेशंटची काळजी घेणाऱ्याचं नाव असा एक रकाना असतो. माझ्या कार्डावर तो तेरा वर्षं रिकामा होता. आता तिथे पल्लवीचं नाव होतं, फोन नंबर होता, सही होती. शाई वाळून कितीतरी दिवस झालेले दिसत होते. ताजं अक्षर कोणतं अन् जुनं कोणतं ते मला कळतं.

"ही कधीची?" मी विचारलं.

पल्लवीनं मान फिरवली. मॅडमच म्हणाल्या, "तुम्ही दवाखान्यात भरती व्हायच्या आधीची, मनोहरभाऊ."

गोळ्या घेतल्या आणि बाहेर आलो. फाटकाच्या बाजूला सिमेंटचा बाक आहे, त्यावर बसलो. उन्हाळा सुरू व्हायचा होता, तरी बाक तापलेला होता.

"मी तुले आधी सांगतलं होतं?"

"हाव."

"कवा?"

"डॉक्टरकडून आले त्याच दिवशी. चप्पल काढली अन् दारातच बसून सगळं सांगतलं. मग दवाखान्यात सांगतलं, तापात. काल तिसऱ्यांदा."

तीन वेळा. तीन वेळा या पोरीनं आपल्या आईच्या मरणाचं कारण माझ्या तोंडून ऐकलं होतं, आणि माझ्याजवळ त्यातली फक्त ती मेथीची सकाळ होती. चहाची.

"मग मले सांगतलं काहून नाही? बीपीची गोळी, बीपीची गोळी करून राहिली रोज!"

समोरून एक बाई लेकराला कडेवर घेऊन फाटकात शिरली, घाबरल्यासारखी आत-बाहेर करत होती. पल्लवीनं तिला हातानं दाखवलं, आत जाऊन उजवीकडे.

"पहिल्यांदा सांगतलं ते तुमाले आठवलं असतं," ती म्हणाली, "तर मी काय म्हटलं तेही आठवलं असतं. म्हणून."

"काय म्हटलं होतं?"

"सोडा ना बाबा."

"सांग."

"मी म्हटलं, आईच्या जागी तुम्ही मरायले पाहिजे होते." ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "अन् शाळेच्या तपासणीचं खोटं सांगून माह्यं रक्त घेतलं त्याच्यावरूनही भांडली. जे तोंडाले आलं ते बोलली. तुम्ही नुसतं हाव, हाव म्हणून राहिले होते. तशीच मॅडमकडे आली, त्यांच्याशीही भांडली, मग इथं सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तुम्ही मले विचारता, 'काहून वं, रडली काय?' मले वाटलं नाटक करून राहिले. मग समजलं, तुमाले खरंच काही माहीत नाही." आता ती माझ्याकडे वळली. "भांडू कोणाशी, बाबा? मी रागानं मरून राहिली होती अन् तुम्ही माह्यासाठी चौकात जाऊन कचोरी घेऊन आले."

कचोरीचंही मला आठवत नाही.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तेही तीनदा मागितली." मग थोडं हसली, आणि मग तोंड फिरवून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

शर्टाच्या खिशात मी आता छोटी वही ठेवतो. आजचा वार, जेवण झालं की नाही, कोण भेटलं, सगळं त्यात लिहितो. ती काढली.

"काय लिहून राहिले?" पल्लवीनं विचारलं.

"तू म्हटलं ते."

"बाबा, नको! मी आता तसं म्हणत नाही."

"माहीत आहे. पण तवा म्हटलं होतं. तुझं एवढं मोठं दुःख मी एका झोपेत विसरून गेलो. ते माह्याजवळ राहायले पाहिजे."

तिनं वही ओढली नाही. मी लिहायला लागलो. हात हळू चालत होता, 'आईच्या' या शब्दापाशी थांबावं लागलं, मग पुढे गेलो. पल्लवी शेजारी बसून एकेक अक्षर उमटताना पाहत होती. पूर्ण झाल्यावर मी वही तिच्यापुढे धरली. तिनं वाचलं.

"खोडू काय?" मी विचारलं.

तिनं डोळे पुसले, पुन्हा एकदा वाचलं.

"राहू द्या," ती म्हणाली.